बेटावर कॅरॅव्हॅन न्यायला किती लागतं?

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका तीन वर्षं माझ्या मागे लागल्या होत्या. "काका, तुमचं काम किती वेगळं! समुद्र, बोटी, बेटं! लिहा ना." मी दर वेळी "बघतो, बघतो" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर बारा वर्षं मी समुद्राकडे पाठ करूनच उभा होतो. माझं तोंड कायम गाड्यांच्या रांगेकडे, अंगावर पिवळं जाकीट, हातात मोजपट्टी. गेल्या वर्षी निवृत्त झालो. आता कारण उरलं नाही, म्हणून बसलो लिहायला.

मी गजभिये, मूळचा नागपूरचा. हॅम्बर्गला बंदराच्या सॉफ्टवेअरमध्ये होतो, बरी चालली होती नोकरी. चोपन्नाव्या वर्षी आमचं अख्खं खातंच बंद झालं. त्या वयात जर्मनीत प्रोग्रॅमरला कोण विचारतो? सहा महिने अर्ज टाकले. शेवटी उत्तर समुद्राच्या काठावरच्या एका छोट्या गावात फेरी कंपनीच्या धक्क्यावर काम मिळालं. अर्धा दिवस तिकीट खिडकी, अर्धा दिवस गाड्या मोजणं. बायको वंदना हॅम्बर्गलाच राहिली, तिची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पक्की नोकरी. मी गावात बेकरीच्या वर एक खोली घेतली. ठरलं होतं की दर शनिवार-रविवार घरी यायचं. पण फेरीचा धंदाच शनिवार-रविवारचा! मग सुटी मंगळवारी, आणि मंगळवारी वंदना कामावर. असा आमचा संसार बारा वर्षं बहुतेक फोनवर झाला. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "मीपण." एवढ्यासाठी मी दिवसभर वाट पाहायचो, हे तिला कधी सांगितलं नाही. आता छापूनच सांगतो.

आता धंदा समजावून सांगतो. खिडकीवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: बेटावर कॅरॅव्हॅन न्यायला किती लागतं? कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे ओढायचं चाकांवरचं घर. आमच्याकडे भाडं वजनावर नाही, लांबीवर. बोटीच्या पोटात रांगा असतात, रांगेचा प्रत्येक अर्धा मीटर आम्ही विकतो. गाडीची लांबी वेगळी, कॅरॅव्हॅनची वेगळी. आणि कॅरॅव्हॅनची लांबी म्हणजे पुढच्या ओढायच्या दांड्यासकट, ज्याला इथे डायक्सल म्हणतात. हा दांडाच माझ्या नोकरीचा मूळ आधार. लोक घरात बसून ऑनलाइन बुकिंग करताना फक्त खोलीची लांबी भरतात. दांडा विसरतात. काही विसरतात, काही विसरल्यासारखं करतात. दांडा असतो सव्वा मीटरच्या आसपास. मागे सायकली लटकवल्या असतील तर आणखी अर्धा-पाऊण मीटर. मग धक्क्यावर मी पट्टी लावतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो. जाऊन-येऊन तीनशेच्या आतबाहेर युरो मोजून आलेला माणूस आणखी साठ-सत्तर ऐकले की माझ्याकडे असं बघतो, जणू दांडा मीच लांब केला.

एकदा एश्बॉर्न नावाच्या गावाहून एक आपलं कुटुंब आलं, भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन. मुलगा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, बायको, छोटी मुलगी आणि भारतातून आलेल्या सासूबाई. माझ्या जाकिटावरचं नाव वाचून त्याने थेट मराठीतच सुरुवात केली. "अरे वा, काका! आपलेच निघालात!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सहा आठवड्यांत समोरासमोर ऐकलेलं पहिलं मराठी वाक्य होतं ते. मी पट्टी लावली. बुकिंग सहा मीटरचं, निघाली सात मीटर वीस.

"काका, थोडं ॲडजस्ट करा ना," तो म्हणाला.

"बाबा रे, लोखंड कसं ॲडजस्ट करू?"

"अहो, दांडा काय जागा खातो? त्याच्याखालून माणूस जाईल!"

"माणूस जाईल. पण गाडी जाईल का?"

सासूबाई खाली उतरल्या, दांड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, द्या पैसे. बैल सोडला तरी बैलगाडीचं जू काय घरी ठेवून येतात का?" मी तिथल्या तिथे त्यांना नमस्कार केला. त्यांनी मला डब्यातल्या चार पुरणपोळ्या दिल्या. मुलगी सगळा वेळ आजीला जर्मनमध्ये विचारत होती की हा माणूस कोण, आणि आजी तिला मराठीत सांगत होती, "आपलेच आहेत गं." बोट गेली. मी त्या चारही पोळ्या उभ्या उभ्या खाल्ल्या. ओहोटीच्या वेळी बोटीचा रॅम्प तिरका होतो, चढताना कॅरॅव्हॅनची शेपटी घासते, म्हणून लक्ष ठेवायचं असतं. त्या दिवशी पुढच्या बोटीच्या वेळी माझं लक्ष नव्हतं.

असे पुष्कळ. एकाने आपल्या म्हाताऱ्या मांजरीला आत ठेवून दार लावलं होतं. फेरीवर कॅरॅव्हॅनमध्ये कुणी बसायचं नाही असा नियम आहे, तो मांजराला लागू आहे का यावर त्याने माझ्याशी अर्धा तास वाद घातला. एक बाई दर वर्षी पट्टीचं दुसरं टोक स्वतः धरायच्या, माझ्यावर विश्वास नाही म्हणून, आणि दर वर्षी माझंच माप बरोबर निघायचं. या कामात मी चोख होतो, हे मी छाती पुढे काढून सांगतो. सेंटिमीटरची चूक केली नाही. चूक केली ती वेगळीच.

आमच्या नागपुरात थोरल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. निदान आमच्या घरात तरी नाही. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, पोरा, माझं अमुक काम करून दे, तर "करू ना आजोबा, काळजी करू नका" म्हणायचं. होणार नसलं तरी. आजोबांनाही कळतं की होणार नाही. ते संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी गाठतात. कुणाचं मन मोडत नाही आणि कामही अडत नाही. मी ही रीत सामानात बांधून जर्मनीला आणली होती. इतकी वर्षं कुणी हटकलं नाही, त्यामुळे ती माझ्याजवळ आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

मार्चचा शेवटचा आठवडा होता, सोमवार. सकाळी दहाला खिडकीशी हेअर, म्हणजे श्रीयुत, लोरेन्झन उभे राहिले. वय अठ्ठ्याहत्तर, उंच, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. बाहेर त्यांची जुनी गाडी आणि तिच्या मागे त्याहून जुनी कॅरॅव्हॅन. "मॉइन," असा इथला नमस्कार करून त्यांनी कागद पुढे केला. त्यांचा धाकटा भाऊ हिन्रिक बेटावरच्या वृद्धाश्रमात होता. आठवण जात चालली होती, पण भावाला अजून ओळखायचा. दोघांनाही दुसरं कुणी नाही. बेटावर घरभाडी अशी की आमच्या कंपनीचा कॅप्टनसुद्धा या किनाऱ्यावरच राहतो. म्हणून लोरेन्झन यांनी बेटावरच्या कॅम्पिंगमध्ये कायमच्या जागेसाठी नाव घातलं होतं. नऊ वर्षांनी नंबर लागला. अट एकच: एकतीस तारखेपर्यंत कॅरॅव्हॅन जागेवर उभी पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. एकतीस म्हणजे शनिवार. त्यांनी मुख्य भूमीवरचा फ्लॅट सोडून दिला होता, सामान विकलं होतं. आता उरलेलं आयुष्य भावापासून दहा मिनिटांच्या अंतरावर काढायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी मोजलं. त्यांनी बुकिंग केलं होतं सहा मीटरचं. निघाली सात चाळीस.

"दांडा," मी म्हणालो.

"आख, दांडा," ते म्हणाले. "फरक किती? देतो."

फरकाचा प्रश्न नव्हता. आमच्या दोन बोटींपैकी एक दुरुस्तीला गेली होती. दुसरीवरची लांब गाड्यांची रांग चार एप्रिलपर्यंत भरलेली. त्यांची सहा मीटरची जागा कॅरॅव्हॅनला पुरत नव्हती. खरं उत्तर सरळ होतं: नाही, आमच्याकडून या आठवड्यात होणार नाही. पण एक मालवाहू बोट मंगळवारी जाते, सिमेंट-विटा नेते, तिच्यावर कॅरॅव्हॅन चढवतात. भाडं आमच्या अडीचपट. बुकिंग सोमवारी दुपारी बाराला बंद.

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी काय केलं? त्यांच्या कोपरावरच्या ठिगळाकडे पाहिलं. मनात म्हटलं, म्हातारा माणूस, कशाला अडीचपट खर्चात पाडायचा? रोज एखादं बुकिंग रद्द होतंच. आणि तोंडाने म्हणालो, "काळजी करू नका. काहीतरी करू. शनिवारच्या आत तुम्हाला पलीकडे पोचवतो."

त्यांनी माझा हात हातात घेतला, दोन्ही हातांनी. "हेअर गजभिये," म्हणाले. माझं नाव त्यांनी बरोबर उच्चारलं. जाकिटावर वाचून, सावकाश, एकेक अक्षर. इतक्या वर्षांत तसं कुणी केलं नव्हतं. मी त्यातच विरघळलो.

ते रांगेच्या कडेला कॅरॅव्हॅन लावून थांबले. सोमवार, मंगळवार, बुधवार. मंगळवारी माझी सुटी होती, हॅम्बर्गला गेलो नाही, यादी बघायला धक्क्यावर आलो. माझ्या डोळ्यांसमोर ती मालवाहू बोट विटा घेऊन निघून गेली. रोज सकाळी ते मला त्यांच्या छोट्या गॅसवर कॉफी करून द्यायचे. हिन्रिकबद्दल सांगायचे, लहानपणी चिखलात पाय रुतून त्याचा बूट कसा गेला आणि मग दोघं एकेक बूट घालून घरी कसे गेले. मी त्यांना नागपूरचं ऊन सांगायचो. त्यांना ते खरं वाटायचं नाही. मला लाज वाटते सांगायला, पण ते तीन दिवस माझे फार छान गेले. मला कुणीतरी रोज सकाळी विचारत होतं, झोप लागली का? आतून मला वाटतही असेल की ते आणखी थोडे थांबावेत. हे मी वंदनालाही सांगितलेलं नाही.

बुधवारी दुपारी माझी सहकारी आन्या म्हणाली, "तो माणूस अजून इथे का आहे? तू त्याला मालवाहू बोटीचं सांगितलं नाहीस?"

"महाग आहे ती."

"महाग आहे की नाही ते तो ठरवेल ना!" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू त्याला निदान 'नाही' तरी म्हणालास ना?"

मी मोजपट्टी गुंडाळत बसलो.

गुरुवारी एक बुकिंग रद्द झालं, साडेपाच मीटरचं. मी कॅप्टनच्या पाया पडायचा बाकी राहिलो. "दोन मीटर कुठून आणू?" तो म्हणाला. बरोबरच होतं. पट्टी माझ्याच हातात होती. शुक्रवारी पूर्वेचा वारा सुटला. आमच्या किनाऱ्याची गंमत अशी की वादळाने बोटी बंद पडतात हे जगाला माहीत असतं, पण पूर्वेच्या वाऱ्याने समुद्राचं पाणीच निघून जातं, बोट चिखलात बसेल एवढं. शुक्रवारी दुपारनंतर फेऱ्या बंद. शनिवारी दिवसभर बंद. मी कॅम्पिंगच्या बाईंना फोन केला, हातापाया पडलो. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "पुढच्या माणसानेही नऊ वर्षं वाट पाहिली आहे. तो बेटावरच आहे, त्याला मी काय सांगू?"

हे लोरेन्झन यांना सांगायला मीच गेलो. ते कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसले होते. मी सगळं बोललो, मालवाहू बोटीचंही. म्हटलं, फार महाग होती, तुमच्यावर भार नको म्हणून.

ते पायरीवरून हळूच उठले. मग शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे पैसे होते. तुम्ही विचारलंत का?"

"नाही."

"सोमवारी तुम्ही नाही म्हणाला असता, तर मी मंगळवारी हिन्रिककडे असतो. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही हो म्हणालात. तुम्ही इथले अधिकारी होतात, हेअर गजभिये. मी विश्वास ठेवला."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी वंदनाला फोन केला आणि चक्क रडलो. ती म्हणाली, "अहो, मला पण तुम्ही 'पुढच्या महिन्यात हॅम्बर्गला बदली घेतो' म्हणत आलात. किती वर्षं झाली? मी आपलं समजून घेते. त्या बिचाऱ्याला कसं कळणार?" मग म्हणाली, "आणि मलाही दर वेळी कळतं असं नाही हं."

बाप्पा! 

त्यांचं नाव यादीच्या तळाला गेलं. घर सोडलेलं होतंच. धक्क्यापासून चार किलोमीटरवर समुद्राच्या बांधाच्या अलीकडे एक साधं कॅम्पिंग आहे, तिथे त्यांनी कॅरॅव्हॅन लावली आणि तिथेच राहू लागले. आठवड्यातून दोनदा पायी प्रवासी म्हणून बेटावर जायचे. भरती-ओहोटीच्या वेळा अशा की कधी भावाजवळ तीन तास मिळायचे, कधी एकच. तिकिटाला ते माझ्या खिडकीवर येत नसत. माझी खिडकी रिकामी असली आणि आन्याच्या खिडकीत सात माणसं असली, तरी ते आठवे उभे राहायचे. मला मान लववून "मॉइन" म्हणायचे, त्यात कधी चुकले नाहीत. आणि मग आन्याच्या रांगेत. दोन वर्षं मी हे बघितलं, आठवड्यातून दोनदा.

मी सुधारलो का? सुधारलो. इतका की गावात मला नाही-म्हणणारा भारतीय म्हणू लागले. कुणी काही विचारलं की पहिला शब्द नाही, मग त्याचं कारण, मग दुसरा रस्ता, त्याचा खर्च, बुकिंगची वेळ. कुणाच्या कोपराकडे बघायचं नाही. एकदा वंदनालाही सांगितलं, "बदली होणार नाही. मी मागितलेलीच नाही कधी. इथली नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही ही भीती वाटते." तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आता मंगळवारची सुटी मीच मागून घेते." तिने घेतली. महिन्यातून दोन मंगळवार. एवढं साधं होतं ते. आठ वर्षं आधी होऊ शकलं असतं.

मग तो फेब्रुवारी. पुन्हा पूर्वेचा वारा, पाणी ओसरलेलं, फेऱ्या बंद. आन्या आजारी, एकच खिडकी उघडी, माझी. सकाळी सव्वानऊला लोरेन्झन आत आले. टोपी नव्हती, स्वेटर उलटा घातलेला. ते थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"आश्रमातून फोन आला. हिन्रिकचं... डॉक्टर म्हणतात, आजच. बोट आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "आज बोट जाणार नाही. संध्याकाळीही नाही. वाट बघू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"पाणी नाही, पण वारा विमानाला चालतो. दहा वाजता छोटं विमान आहे, सहा माणसांचं. आपल्या तिकिटाच्या आठपट लागतील. घेणार?"

"हो."

मी विमानतळावर फोन लावला. एक जागा होती. मग खिडकी बंद केली, जे इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि माझ्या गाडीतून त्यांना नेलं.  धावपट्टीशी उतरताना त्यांनी विचारलं, "स्वेटर उलटा आहे का?" मी म्हणालो, "आहे. राहू द्या." ते गेले.

आठ दिवसांनी पाणी भरलेलं होतं, आन्या परतली होती, दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. लोरेन्झन बेटावरून आलेल्या बोटीतून उतरले आणि माझ्या खिडकीशी आले. काही घ्यायचं नव्हतं त्यांना.

"पोचलो वेळेत," म्हणाले. "ओळखलं त्याने मला. माझा हात सोडला नाही. चार तास मिळाले आम्हाला." आणि हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत घेतला.

दोन वर्षांपूर्वी त्या सोमवारी मी नाही म्हणालो असतो तर त्यांना दोन वर्षं मिळाली असती. हे ते बोलले नाहीत. मीही नाही बोललो. तसेच उभे राहिलो आम्ही, मागे रांग लागेपर्यंत.